दर जुलैला गाडीत पाणी, ब्लोअर बंद, बॅटरी डाउन: तिसऱ्या पावसाळ्यात सापडलेलं मूळ

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे ज्याची गाडी अशीच वागत असेल त्याला पुढचं वाचायचं की नाही ते लगेच ठरवता येईल. चालकाशेजारच्या सीटपुढचं कार्पेट पावसात ओलं होतं. वरून हात लावला तर नुसतं दमट, पण टाच दाबली की पाणी वर येतं. गाडीत ओल्या पायपुसण्याचा आंबूस वास. ब्लोअर, म्हणजे एसीची हवा फेकणारा पंखा, पहिल्या तीन स्पीडला मुका आणि चौथ्याला एकदम वादळ. सेंट्रल लॉक रात्री आपलं आपण टक-टक करतं, म्हणून वॉचमनकाका दोनदा वर बोलवायला आले. आणि शुक्रवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळी चावी फिरवल्यावर नुसतं ‘कट्’ म्हणते.

गाडी अकरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, मागाहून बाहेरच्या दुकानात सीएनजी किट बसवलेली. मुलुंडला सोसायटीच्या आवारात, एका जुन्या रेन ट्रीखाली उघड्यावर उभी असते. सावली छान. त्याची किंमत वायपरखाली वसूल होते, ते पुढे येईलच.

पहिल्या पावसाळ्यात गॅरेजने ‘ब्लोअरचा रेझिस्टर (पंख्याचा स्पीड कमी-जास्त करणारा भाग) गेलाय’ म्हणून बदलला. ऑक्टोबरपर्यंत कार्पेट वाळलं, मी विसरलो. दुसऱ्या जुलैत तेच. पुन्हा रेझिस्टर, वर बॅटरी नवी. ‘गाडी धुताना पाणी आत गेलं असेल, शेठ.’ तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचंही मत पडलं, ‘अहो, अकरा वर्षांच्या गाडीवर कसला जीव टाकताय, विकून मोकळे व्हा.’ तिसऱ्या जुलैत नवीकोरी बॅटरीही आडवी झाली, तेव्हा मात्र मी लॅमिंग्टन रोडवरून सहाशे रुपयांचा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-करंट मोजायचा मीटर, आणला आणि शनिवारी सकाळी स्वतः गाडीत उलटा झोपलो.

दोन वर्षं मी आणि गॅरेजवाले दोघेही बिघडलेला भाग बदलत होतो. पाणी भागावर का पडतं याच्या मुळापर्यंत कोणी गेलंच नव्हतं.

पाणी कुठलं, ते आधी ओळखा

गाडीच्या आत येणारं पाणी दरवेळी पावसाचंच असतं असं नाही. बोट बुडवून, वास घेऊन, पांढऱ्या कागदावर टिपून बघा.

स्वच्छ, बिनवासाचं, आणि कोरड्या दिवशी एसी लावल्यावरही येतंय? मग ते एसीचं पाणी. इव्हॅपोरेटरवर, म्हणजे एसीच्या गार जाळीवर, हवेतली वाफ गार होऊन जे पाणी होतं ते एका रबरी नळीतून गाडीखाली पडायला हवं. मुंबईच्या दमट हवेत पंधरा मिनिटं एसी चालवून गाडी उभी केली की खाली ठिपक्यांचं थारोळं व्हायलाच हवं. झालं नाही, तर नळी तुंबली आहे. खालून तोंड शोधून मऊ प्लॅस्टिकच्या पट्टीने किंवा हलक्या हवेने साफ होते. लोखंडी तार आत खुपसू नका. माझ्या गाडीखाली थारोळं बेस्टच्या डेपोत शोभेल इतकं होत होतं, म्हणजे एसी निर्दोष.

चिकट, गोडसर वासाचं, हिरवं किंवा गुलाबी, आणि काचेवर आतून तेलकट धुकं? ते कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी. हीटरची छोटी जाळी डॅशबोर्डच्या पोटात असते, ती गळतेय. बॉनेटखालच्या पांढऱ्या टाकीतली पातळी उतरतेय का ते इंजिन गार असताना बघा. गरम इंजिनाचं झाकण उघडून हात भाजून घेतलेले दोन जण मला माहीत आहेत. हे काम घरी करू नका, डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

चालकाच्या पेडलजवळ तेलकट ओल असेल तर ती ब्रेक किंवा क्लचच्या तेलाची असू शकते. तशी गाडी चालवूच नका.

मातकट, फक्त पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर येणारं, तळाशी पानांचा चुरा असलेलं पाणी मात्र वरून येतं. माझं हेच होतं.

वायपरखालचं गटार

पुढच्या काचेच्या पायथ्याशी वायपर असतात त्या काळ्या जाळीखाली एक पन्हळ असते. गॅरेजवाले तिला काउल म्हणतात. काचेवरचं आणि टपावरचं सगळं पाणी तिथे उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकांच्या मागे खाली जातं. किती पाणी? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. काच आणि टप मिळून पन्हळीला पाणी देणारा भाग एकच चौरस मीटर धरला, तरी उघड्यावरच्या गाडीच्या त्या पन्हळीतून एका मोसमात दोन हजार लिटर पाणी वाहतं. सोसायटीच्या गच्चीवरची टाकीच म्हणा. आणि तिची मोरी आपण कधी साफ करत नाही.

जाळी काढायला आधी वायपर काढावे लागतात. त्याआधी वायपर काचेवर जिथे टेकतात तिथे कागदी टेपची खूण करा, नाहीतर परत बसवताना वायपर बॉनेटवर आपटतात. नटावरची टोपी काढायची, नट सोडवायचा, आणि हात निघत नसेल तर ओढाताण न करता डावी-उजवीकडे हलवत सोडवायचा. जाळीच्या प्लॅस्टिक क्लिपा जुन्या गाडीत तुटतातच. कुर्ल्याला सीएसटी रोडवर डझनाने मिळतात, आधीच आणून ठेवा.

जाळीखाली मला काय मिळालं? रेन ट्रीची बारीक पानं कुजून झालेली काळी माती, दोन बोटं जाड, तिच्यात चक्क एक पिंपळाचं रोप, आणि उंदराने कुरतडलेला कापसाचा गोळा. डाव्या टोकाचं भोक पूर्ण बुजलेलं. हाताने उपसून बादलीभर पाणी ओतलं तेव्हा डाव्या चाकामागून धबधबा पडला. मला वाटलं, सुटलो.

हे सगळं खरं तर मी दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटीच केलं होतं. म्हणूनच तिसऱ्या जुलैत कार्पेट परत ओलं दिसलं तेव्हा माझा स्वतःवरचा विश्वास उडाला. मात्र एक फरक होता. आधी साध्या सरीतही पाणी यायचं, आता फक्त मुसळधार पावसात येत होतं. पन्हळ तुंबणं हे कारण होतंच, पण एकटं नव्हतं. एक कारण दूर करून गळती कमी झाली आणि थांबली नाही, तर दुसरं कारण असतं. कमी झाली म्हणून शोध सोडायचा नाही.

झारीची परीक्षा

गळती शोधायला लोक नळी लावून अख्खी गाडी भिजवतात. मग सगळीकडूनच पाणी आल्यासारखं वाटतं. पद्धत अशी: आत एक जण, बाहेर एक जण, आणि पाणी खालून वर. आधी दाराचा उंबरा, मग चाकाच्या वरचा भाग, मग पन्हळीचं टोक, मग काचेची कड, शेवटी टप. प्रत्येक ठिकाणी चार-पाच मिनिटं, आणि आतल्याने ‘नाही’ म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून खालच्या सगळ्या जागा भिजतात आणि मग दोषी कोण ते कळत नाही. प्रेशर वॉशर तर मुळीच नको. तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो.

आमच्याकडे पाणीकपात चालू असल्यामुळे नळीला सेक्रेटरींचा नकार होता. बाल्कनीतल्या कुंड्यांची झारी घेतली. तिचा फायदाच झाला, धार बारीक आणि हवी तिथेच. आत मुलगी, मोबाइलचा टॉर्च घेऊन. त्याआधी डावीकडचं पायापाशी असलेलं बाजूचं कव्हर आणि ग्लव्ह बॉक्स काढून ठेवले होते, कार्पेट मागे दुमडलं होतं आणि सगळ्या कोरड्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरली होती. पावडरीवर पाण्याचा थेंब जिथून जाईल तिथे रेघ उमटते. वर्तमानपत्राचे तुकडेही चालतात, पण रेघ दिसते ती पावडरीतच.

उंबरा: ‘नाही बाबा.’ चाकाची कमान: ‘नाही.’ पन्हळीच्या डाव्या टोकाला दुसरी झारी रिकामी होत असताना आतून ओरड आली, ‘बाबा, वायरवरून येतंय!’

रेघ पत्र्यावर नव्हतीच. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याला गॅरेजमध्ये फायरवॉल म्हणतात. त्यातून वायरिंगचा मुख्य जुडगा जाड रबरी ग्रोमेटमधून, म्हणजे भोकात बसवलेल्या रबरी कड्यातून, आत येतो. त्या ग्रोमेटला ब्लेडने चिरून सीएनजीच्या चेंजओव्हर स्विचची (पेट्रोल-गॅस बदलायच्या बटणाची) एक जास्तीची काळी वायर आत घातलेली होती. पन्हळीचं पाणी डाव्या टोकाने खाली पडताना त्या वायरवर यायचं आणि तिच्या अंगाने, चिरेतून, आत. पुढे वायर ग्लव्ह बॉक्सच्या मागून स्टिअरिंगकडे गेली होती आणि मध्ये लोंबत होती. लोंबता भाग नेमका ब्लोअरच्या रेझिस्टरच्या कनेक्टरवर. उरलेलं पाणी पत्र्याच्या आतल्या फेल्टमधून डाव्या पायाजवळच्या कनेक्टरवर आणि तिथून कार्पेटखाली.

मग आठवलं. किट बसवलं मार्चमध्ये. त्रास सुरू झाला त्याच जुलैत. दोन वर्षांत एकदाही मी स्वतःला विचारलं नव्हतं, की हे सुरू व्हायच्या आधी गाडीत कोणी काय केलं. तुमच्याकडे किट नसेल, पण फॉग लॅम्प, जोरदार हॉर्न, ॲम्प्लिफायर, रिव्हर्स कॅमेरा, यांपैकी काहीतरी असेल. अशा प्रत्येक जास्तीच्या वायरीचा मागोवा घ्या आणि ती पत्र्यातून कुठे जाते ते बघा.

भोक बंद करताना

सीएनजी गाडी असेल तर आधी सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा. गॅसच्या पाइपला, रेग्युलेटरला हात लावू नका, आपलं काम फक्त वायरीशी आहे. गॅसचा वास येत असेल तर आजचं काम रद्द. मग बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडवा. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना बॉडीला लागला तर ठिणग्यांची आतषबाजी होते.

चिरलेल्या ग्रोमेटला मी आधी नेहमीचं बाथरूमचं सिलिकॉन लावणार होतो. बरं झालं लावलं नाही. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतं, आणि ते पत्र्याला आणि तांब्याच्या वायरीला खातं. न्यूट्रल लिहिलेलं सिलिकॉन चालतं. त्याहून बरं पुढची काच चिकटवायला वापरतात ते पॉलियुरेथेन सीलंट, किंवा काळी चिकट ब्यूटाइल टेप. एपॉक्सी पुटी इथे कामाची नाही. ती दगडासारखी होते आणि इंजिनाच्या थरथरीने तडकते.

मी ती काळी वायर कनेक्टरपाशी सोडवून मागे ओढली, नवा ग्रोमेट बसवला, वायरीसाठी वेगळं छोटं ग्रोमेट लावलं, आणि बाहेरून सीलंट दिलं. सीलंट एक दिवस वाळू दिलं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भोकात शिरण्याआधी वायर मुद्दाम खाली झुकवून मग वर घेतली. पाणी वायरीच्या अंगाने सर्वात खालच्या वळणापर्यंत येतं आणि तिथून टपकतं, चढावर चढत नाही. चाळीत केबलवाला खिडकीबाहेर वायरीला पोट ठेवतो ते याचसाठी. एवढं जरी त्या दुकानदाराने केलं असतं तरी माझे दोन रेझिस्टर वाचले असते.

कार्पेट

याकडे दुर्लक्ष कराल तर बाकी सगळं फुकट. वरचं कार्पेट वाळतं आणि त्याखालचा फोम महिनोन्‌महिने भिजलेलाच राहतो. माझ्या गाडीतून पिळून आणि ओलं-कोरडं दोन्ही ओढणाऱ्या व्हॅक्यूमने मिळून जवळजवळ साडेचार लिटर पाणी निघालं. पूर्ण कार्पेट काढायला सीट काढावी लागते, आणि सीटखाली पिवळ्या कनेक्टरच्या वायरी असतात. पिवळं म्हणजे एअरबॅग. तिला मीटरही लावायचा नाही, ओढायचंही नाही. म्हणून मी सीट काढली नाही. उंबऱ्याची प्लॅस्टिक पट्टी उचकटली, कार्पेट उचलून खाली दोन रिकाम्या बाटल्या आडव्या सरकवल्या आणि तीन दिवस टेबलफॅन लावला. जुलैच्या हवेत त्यानेही फारसं काही होत नाही, तेव्हा येता-जाता एसी रीसर्क्युलेशनवर चालवला. तो हवेतलं पाणी खेचून बाहेर टाकतो. तळाच्या पत्र्यावर गंज दिसला तर घासून प्राइमर मारा.

आता वीज

पाणी थांबलं म्हणून आधी भिजलेले भाग आपोआप बरे होत नाहीत. इथून मीटरचं काम.

रेझिस्टर: ब्लोअर फक्त सर्वात वरच्या स्पीडला चालतो याचा अर्थ बहुतेक गाड्यांत एकच, रेझिस्टर गेला. वरच्या स्पीडला वीज त्याला वगळून सरळ मोटरला जाते, म्हणून तेवढा चालतो. ऑटोमॅटिक एसीच्या गाडीत रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, तिथे हा नियम लागू नाही. रेझिस्टर ब्लोअरच्या हवेच्या मार्गात बसवलेला असतो, कारण तो तापतो आणि हवेने गार होतो. काढलात तर त्याचा कनेक्टर नीट बघा. माझ्या कनेक्टरची एक पिन वितळून तपकिरी झाली होती. दुसऱ्या वर्षी गॅरेजने नवा रेझिस्टर त्याच जळक्या कनेक्टरवर बसवला होता. ढिली पिन तापते, तापली की आणखी ढिली होते. कनेक्टर वायरीसकट सीएसटी रोडवर जुन्या गाडीचा मिळाला.

फ्यूज वारंवार उडत असेल तर ब्लोअरच्या मोटरचा कनेक्टर काढून नवा फ्यूज लावा. टिकला तर मोटर जड झाली आहे, गंजलेल्या बेअरिंगमुळे ती जास्त करंट ओढते. तरीही उडाला तर वायरीत शॉर्ट आहे. फ्यूजचा रंग त्याचा आकडा सांगतो: तपकिरी साडेसात अँपिअर, लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. पंधराच्या जागी तीसचा लावणं किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळणं हे आपल्याकडे सर्रास चालतं. मग फ्यूजऐवजी वायर वितळते, आणि ती वायर कार्पेटखालून गेलेली असू शकते.

अर्थिंग: हा भाग मी सर्वात उशिरा तपासला आणि सर्वात आधी तपासायला हवा होता. गाडीत निगेटिव्ह म्हणजे बॉडीच. डाव्या पायाजवळच्या पत्र्यावर एका बोल्टला पाच-सहा काळ्या वायरींचे थिंबल (टोकाची धातूची कडी) लावलेले असतात. पाणी नेमकं तिथे साचत होतं. बोल्ट दिसायला ठीक, पण खाली पांढरी-तांबूस पूड. दिसण्यावर जाऊ नका, मोजा. हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवा, मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन लांब वायरीने बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन त्या थिंबलला. ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. माझ्याकडे १.४ आले. म्हणजे बॅटरीच्या १२.६ व्होल्टपैकी एवढे त्या एका बोल्टवर जळत होते. हेडलाइट पिवळट पडायचे ते ‘बल्ब जुने झाले’ म्हणून नव्हे तर यामुळे. बॅटरी सोडवून बोल्ट काढला, पत्रा आणि थिंबल पॉलिश पेपरने चकचकीत केले, दातेरी वॉशर घालून आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. जेली जोडणी आवळल्यावर, वरून. आकडा ०.०५वर आला. खर्च शून्य.

कनेक्टर: त्याच बोल्टशेजारी डाव्या दारांच्या लॉकच्या आणि दार-स्विचच्या वायरींचा कनेक्टर. उघडला तर आत हिरवं. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, तसं. गॅरेजच्या भाषेत ‘कार्बन आलाय’. हा कळक ओला असला की दोन शेजारच्या पिनांमधून थोडी-थोडी वीज पाझरते आणि गाडीच्या संगणकाला वाटतं, कोणीतरी दार उघडलं. म्हणून लॉकची रात्रीची टक-टक, आणि म्हणूनच संगणक झोपतच नव्हता. कॉन्टॅक्ट क्लीनर, जुना टूथब्रश, वाळू देणं, पुन्हा क्लीनर, शेवटी किंचित डायइलेक्ट्रिक ग्रीस, म्हणजे वीज न वाहणारं ग्रीस. दोन पिना इतक्या खाल्लेल्या होत्या की त्या बदलाव्या लागल्या. वायर कापल्यावर आत तांबं काळं दिसलं तर लाल लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा, मग जोडा आणि वर आतून डिंक असलेली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी) नळी चढवा. काळ्या इन्सुलेशन टेपवर आमच्या हवेत विश्वास नको. एका पावसाळ्यात तिचा डिंक वितळून ती गुंडाळी सोडते.

बॅटरी कोण पितंय

गाडी बंद असताना घड्याळ, लॉक, संगणकाची आठवण यांना थोडा करंट लागतोच. साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत असावा. मोजायचं असं: बॉनेट उघडं ठेवा, उघड्या दाराचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून ‘बंद’ असल्याचं भासवा, चावी दूर ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये जोडा. मग अर्धा-पाऊण तास थांबा. या वेळात गाडीचे संगणक एकेक करून झोपतात, लगेच मोजलं तर फसाल. मीटर जोडलेला असताना इंजिन चालू करायचं नाही, दुसरं दार उघडायचं नाही. स्टार्टरचा करंट त्या मीटरला झेपेल त्याच्या कित्येक पट असतो.

माझा आकडा कनेक्टर साफ करण्याआधी ३८० मिलीअँपिअर. हिशेब सोपा आहे. शुक्रवारी संध्याकाळ ते सोमवारी सकाळ साठ तास, म्हणजे जवळजवळ २३ अँपिअर-तास गेले. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. राहिलं त्यात स्टार्टर कसला फिरतोय. नवी बॅटरी टाकून मी फक्त बादली बदलली होती, भोक तसंच होतं.

कुठला सर्किट पितोय हे शोधायला लोक एकेक फ्यूज काढतात. तो काढताना-घालताना झोपलेले संगणक जागे होतात आणि सगळं मुसळ केरात. त्याऐवजी फ्यूज जागेवर ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मीटरच्या पिना टेकवा, मिलिव्होल्टवर. शून्य दाखवलं तर त्यातून करंट जात नाही. ज्यावर काही आकडा दिसेल तो संशयित. माझ्याकडे लॉक आणि आतल्या दिव्याच्या फ्यूजवर दिसला आणि मग डावा कनेक्टर काढताच मीटर ३८०वरून २४वर पडला. इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

दुसरीकडे बघायचं झालंच तर इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट येतात का पाहा. नसतील तर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरकडे जा, वरचं काही करू नका.

थोडक्यात इतर जागा

दाराचा स्पीकर खरखरतोय आणि मागच्या सीटपुढे ओल आहे? पॉवर विंडो दुरुस्त करताना दाराच्या आतला प्लॅस्टिकचा पडदा फाडून ठेवलेला असतो. तो ब्यूटाइल टेपने परत चिकटवा आणि दाराच्या तळाची भोकं टूथपिकने मोकळी करा. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी असेल तर आधी मागच्या दिव्यांचे रबर बघा. सनरूफ असेल तर चारही कोपऱ्यांच्या नळ्या.

हिंदमाता, अंधेरी सबवे, मिलन सबवे अशा ठिकाणी गाडी पाण्यात अडकली आणि पाणी उंबऱ्यावर गेलं, तर तो प्रकार वेगळा. चावी फिरवू नका. इंजिनात पाणी शिरलेलं असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि साध्या विम्यात ते सहसा धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घेतलेलं असावं लागतं. जमलं तर बॅटरीची निगेटिव्ह सोडा आणि टोइंग बोलवा. हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी वायरीच्या जवळही जायचं नाही.

सगळं करून पुढचा जुलै गेला. रबरी पायपुसण्याखाली मी वर्तमानपत्राची घडी ठेवली होती, ती कोरडी निघाली. लॉक गप्प आहे. बॅटरी तीच. दर दोन आठवड्यांनी रविवारी जाळीवरची पानं वेचतो आणि दोन मग पाणी ओतून दोन्ही चाकांमागे धार पडते का बघतो. राहिलंय ते एकच: ब्लोअर दुसऱ्या स्पीडला किंचित घुरघुरतो. दोन पावसाळे पाणी पिऊन मोटरचं बेअरिंग खराब झालंय. दिवाळीनंतर कुर्ल्याला चक्कर मारून मोटर बघणार आहे. तिला तीनच स्क्रू आहेत, पण तिसरा असा कोपऱ्यात आहे की तिथपर्यंत फक्त मुलीचा हात पोचतो, आणि तिची सहामाही चालू आहे.